खाकी लुगडं

मी एक साडी आहे आणि माझा जन्म सुरतेचा. एवढं ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेलबुट्टी, जरीचे काठ, पदरावरचे मोर असं काहीबाही नाचू लागतं. तर आधीच सांगून टाकते. माझ्या अंगावर एकही फूल नाही. काठ नाही, मोर तर नाहीच नाही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत खाकी आहे. पोलिसातल्या बायकांना सरकार जी साडी देतं, ती मी.

सुरतेतल्याच भेस्तानच्या एका लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मी विणली गेले. लूमवरून उतरताना आम्ही सगळ्या सारख्याच असतो, कोऱ्या आणि मळकट पांढऱ्या. कोणाचं काय होणार ते पुढे डाइंग मिलमध्ये ठरतं. माझ्या बरोबरीच्या काही राणी रंगात बुडाल्या, काही मोरपंखी झाल्या, काहींच्या अंगावर गुलाब छापले गेले. मला खाकीच्या हौदात सोडलं. बाहेर आले तेव्हा त्या गुलाबवाल्या माझ्याकडे बघून अशा सरकल्या, जशी काही मी त्यांची झडती घेणार होते.

त्यांचं पुढचं आयुष्यही थाटाचं. रिंग रोडच्या बाजारात पांढऱ्याशुभ्र गादीवर त्यांना उलगडायचं, दुकानदाराने पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा आणि म्हणायचं, "बेन, हा रंग तुमच्यासाठीच काढलाय." मला कोणी असं उलगडलं नाही. सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यातून मी पोलिसांच्या भांडारात गेले आणि तिथून, माझ्याच जोडीच्या आणखी एका साडीबरोबर, पल्लवीच्या हातात आले.

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. पल्लवी खानदेशातल्या शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेच्या डिंडोलीत आली आणि वर्षभरात पोलिसात भरती झाली. नवरा दीपक एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचा. सासू मालतीबाई, जन्मभर नऊवारी लुगडं नेसलेली, तोंडाने फटकळ. घरात त्या अहिराणीच बोलायच्या. पल्लवी त्यांना आत्या म्हणायची.

मी त्या घरात आले त्या दिवशी मालतीबाईंनी मला बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "रंग मातीना शे, पन पोत बरा शे." सुरतेत राहणाऱ्या बाईकडून मिळालेलं हे माझं पहिलं कौतुक. मला ते अजून पुरतं.

रोज सकाळी त्या स्वतः सुनेच्या पायाशी बसून माझ्या निऱ्या धरायच्या.

"हालू नको, पोरी. निऱ्या मोडतीस."

"आत्या, उशीर होतोय. हजेरी आहे."

"हजेरी काय पळी जास का? नीट उभी ऱ्हाय."

मग निऱ्यांना एक पिन, खांद्याला एक, पदराला मागून एक. वर कमरेचा पट्टा आणि अंबाड्यावर टोपी. सून निघाली की मालतीबाई दारात उभ्या राहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "मनी सून फौजदार शे." पल्लवी साधी शिपाई होती. पण गल्लीत ते कोणी दुरुस्त करायला जात नसे.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. मी दिसायला भारदस्त होते, हे खोटं नाही. ठाण्यात एखादी म्हातारी रडत आली की पँटवाल्या शिपायांना टाळून सरळ पल्लवीपुढे येऊन बसायची. माझ्या पदराकडे बघून तिला धीर यायचा. पंधरा ऑगस्टला रांगेत उभं राहायला माझ्यासारखं दुसरं काही नाही. उभं राहायचं असेल तोवर मी उत्तम.

अडचण पुढे होती. मला खिसा नव्हता. पुरुषांच्या पोशाखाला इतके खिसे, की त्यांतल्या निम्म्यांत ते तंबाखूच ठेवत. आणि पल्लवीची शिट्टी, रुमाल, बसचा पास, सुटे पैसे सगळं कमरेला खोचलेलं. ऐनवेळी शिट्टी काढायला जावं तर हाताला पास यायचा. जीपमध्ये चढताना एका हाताने मला वर धरायचं. मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसायचं, म्हणजे पोलीस नव्हे, माहेरी निघालेली बाई वाटावी. सोबतची जसुबेन नावाची शिपाई या सगळ्यात खूश होती. तिला टेबलाचं काम आवडायचं. ती म्हणायची, "साडी तो आपणी शान छे, पल्लवी." खोटं नव्हतं ते. पण पल्लवी शाळेत असताना तालुक्यात धावायला पहिली आलेली पोरगी. तिला बाहेरची ड्यूटी हवी असायची.

एकदा ती मिळाली. कापड बाजाराच्या गर्दीत उभं राहायचं काम. दुपारी एका बाईची पर्स खेचून एक पोरगेला माणूस पळाला आणि पल्लवी त्याच्यामागे सुटली. मी मनाशी म्हटलं, आज आपली परीक्षा. आणि त्यात मी नापास झाले. हातगाडीला वळसा घालताना तिचा पाय माझ्या निऱ्यांत अडकला आणि ती गुडघ्यावर आपटली. टोपी घरंगळत पुढे गेली. तो चोर थांबला, मागे वळला, टोपी उचलून जवळच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "लाग्युं तो नथी ने, बेन?" लागलं तर नाही ना, एवढं विचारून गेला निघून.

गुडघ्यापेक्षा हे जास्त लागलं. त्या संध्याकाळी पल्लवी घरी आली, माझं फाटलेलं टोक हातात धरून मोरीच्या कडेला बसली. "मारून पळाला असता तर चाललं असतं," ती दीपकला म्हणाली, "त्याला माझी कीव आली."

थोड्याच दिवसांत ठाण्याच्या साहेबांनी ठाण्यातल्या बायकांना बोलावलं. बाजारात पायी फिरणारं बायकांचं एक पथक करायचं ठरलं होतं. साहेब गुजराती, बोलायला शांत. म्हणाले, पथकात यायचं असेल तर पँट-शर्ट घालावा लागेल. ज्यांना साडीच हवी त्यांनी साडी नेसावी, त्यांना ठाण्यातलं काम. जबरदस्ती कोणावर नाही. घरी विचारून सोमवारी सांगा.

घरी विचारून, हे शब्द साहेब सहज बोलून गेले. त्यांच्या घरी मालतीबाई नव्हत्या.

रात्रीच्या जेवणाला पल्लवीने विषय काढला. मी खुंटीवर होते, सगळं ऐकत होते.

"पँट?" मालतीबाईंच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. "मनी सून पँट घालीसन गल्लीमा फिरी?"

"गल्लीत नाही आत्या, ड्यूटीवर."

"ड्यूटीवर काय उडीसन जाशी? गल्लीमातूनच जानं पडी ना?"

यात खोट काढायला जागा नव्हती. डिंडोलीची ती गल्ली म्हणजे सगळी शिरपूर-चोपड्याकडची माणसं. कोणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळच्या एसटीने गावी पोहोचायचं. सुनेने पँट घातली तर ती बातमी बहुधा एसटीच्या आधीच पोहोचली असती.

"दीपक, तू बोल काहीतरी," पल्लवी म्हणाली.

दीपकने वरण जरा जास्तच भुरकलं. "आईचं बी बरोबर आहे," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून, "तुझं बी."

"म्हणजे मी टेबलावरच बसू ना? जन्मभर?"

"टेबलावर बसनं काय वाईट शे? पंखा ऱ्हास डोकावर."

"पंख्यासाठी नाही गेले मी पोलिसात."

मालतीबाई उत्तर देणार होत्या, पण पल्लवी गुडघा धरून उठली. गुडघ्यावरची खपली अजून ओली होती. त्यांनी ती पाहिली. जेवण झाल्यावर त्यांनी मला खुंटीवरून काढलं, फाटलेलं टोक दिव्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिलं आणि वाटेत आलेल्या मांजराला उगीचच हाकललं.

मला वाटलं, आता मला टाके घालणार. पण त्या बाईच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीची सुट्टी होती. मालतीबाईंनी शेजारच्या सरलाबाईंकडून कात्री आणली. माझं फाटलेलं टोक कापून टाकलं. मग माझी जोडीची साडी काढली आणि तिलाही कात्री लावली.

"आत्या, काय करताय? सरकारी साडी आहे ती."

"सरकार नेसस का?" मालतीबाई म्हणाल्या आणि हवा तेवढा तुकडा कापून मला जोडायला बसल्या. दुहेरी शिलाई, पक्की. जोड मध्ये, कासोट्यात लपेल असा. दुपारपर्यंत मी नऊवार झाले होते. सुरतेत इतक्या तऱ्हेच्या साड्या निघतात, पण खाकी नऊवारी लुगडं मी सोडून दुसरं निघालं असेल असं मला वाटत नाही.

"मी शेतमा या लुगडावर कापूस येचेल शे," त्या सुनेला समोर उभं करून म्हणाल्या. "बैलना मांगे पयेल शे. झाडवर चढेल शे. तू मले पँट सांगी ऱ्हायनी."

मग त्यांनी मला नेसवलं. पुढच्या निऱ्या खोचल्या, मागचा भाग दोन पायांमधून ओढून घट्ट कासोटा घातला. पल्लवीने एक पाय पुढे टाकला. दुसरा टाकला. मग ती गच्चीवर गेली आणि या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पळाली. परत पळाली. तिसऱ्या खेपेला ती हसायलाच लागली. खाली वाकली, उडी मारली, पाण्याच्या टाकीवर चढली आणि वरून म्हणाली, "आत्या, हे तर भारी आहे."

मालतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. जग जिंकल्यावर माणूस असाच उभा राहत असेल. आणि माझं काय सांगू? इतके दिवस मी नुसती उभी होते किंवा पडले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी न अडकता पळाले.

सोमवारी आम्ही तिघी ठाण्यात गेलो. तिघी म्हणजे पल्लवी, मी आणि मालतीबाई. कासोटा सुटला तर पुन्हा कोण घालणार, म्हणून त्या बरोबर आल्या होत्या. ठाण्याच्या आवारात शिरलो आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. जसुबेन खिडकीतून डोकावली, आत गेली आणि आणखी चौघांना घेऊन पुन्हा डोकावली.

साहेब बाहेर आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आ शुं पहेर्युं छे, बेन?"

"साडीच आहे साहेब," पल्लवी ताठ उभी राहून म्हणाली. "पण हिच्यात पळता येतं."

साहेबांनी हसू आवरलं, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी मैदानाकडे बोट केलं. पल्लवी पळाली. खरंच पळाली, बूट घालून, वाऱ्यासारखी. कट्ट्यावर बसलेल्या पुरुष शिपायांनी चहाचे कप खाली ठेवले. मालतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जणू प्रत्येकाकडून पोच घेत होत्या.

पल्लवी धापा टाकत येऊन उभी राहिली, तेव्हा साहेब मालतीबाईंजवळ जाऊन बसले. जमिनीवरच.

"बा, छान पळाली," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. गुजरातीत बा म्हणजे आई. "पण हे नेसवलं कोणी?"

"मी."

"रोज नेसवायला येणार?"

"इसू ना. काय काम शे मले?"

"आणि ही बाजारात असताना सुटलं तर? बाजारातही येणार?"

मालतीबाईंनी पदर सारखा केला. येऊ असं म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, मला कळलं.

"पथकात बाकीच्या मुली आहेत," साहेब म्हणाले. "कोणी भरूचची, कोणी कामरेजची. त्यांना हे कोण शिकवणार? पोलीस सगळे एकसारखे दिसायला हवेत, बा. लांबून कळायला हवं." मग त्यांनी आतून एक नवी कोरी पँट मागवली आणि ती पल्लवीला न देता मालतीबाईंच्या मांडीवर ठेवली. "तमे ज जुओ. तुम्हीच बघा. नाही म्हणालात तर मी आग्रह करणार नाही."

इथे पल्लवीचा चेहरा उतरला. हे साहेब मालतीबाईंना ओळखत नाहीत, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आता आयुष्यभर टेबल आणि पंखा.

मालतीबाईंनी पँट वांगी निवडावी तशी उलटीपालटी करून पाहिली. कंबर ताणली. पायात हात घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढला. खिशात बोटं घातली, मग अख्खा हात घातला आणि खिसा किती खोल आहे ते बघून जराशा दचकल्याच. मग दोन्ही पायांमधली शिवण धरली. बोट त्या शिवणीवरून पुढून मागे नेलं, मागून पुढे आणलं.

"हाऊ तं कासोटाच शे," त्या शेवटी म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही. "शिवेल कासोटा."

साहेबांना अहिराणी कळली नाही. पल्लवीला कळली.

"घालीसन ये," मालतीबाई म्हणाल्या.

पल्लवी आत जाऊन पँट आणि वरचा सदरा घालून आली. मला तिने घडी करून सासूच्या हातात दिलं होतं.

"बठ. उकिडी बठ. आते उठ. वाक." मालतीबाई सुनेभोवती एक चक्कर मारून आल्या. "मांगे तंग शे. मी उसवी दिसू."

"उसवा," साहेब म्हणाले. एवढं मात्र त्यांना कळलं असावं.

"आनि सदरा बाहेर ऱ्हाई."

"सदरा आत, बा. पट्टा बांधायचा असतो."

मालतीबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मालतीबाईंकडे. त्या वेळी माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मी त्या बाईच्या हातावर घडी होऊन पडले होते आणि मनात म्हणत होते, सोडा हो तो सदऱ्याचा हट्ट.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. "आत."

तिथे जमलं, पण ठाणं म्हणजे गल्ली नव्हे. पँट घालून घरून निघायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सकाळी गल्लीत नळाला पाणी येतं. म्हणजे सगळ्या बायका बाहेर, हंडे रांगेत, आणि हंडा भरेपर्यंत बघण्यासारखं दुसरं काही नाही. पल्लवी तयार होऊन दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी अडली. मैदानात सगळ्या ठाण्यादेखत पळालेली पोरगी, तिचा पाय पुढे पडेना. "आत्या, मी साडी नेसून जाते आणि ठाण्यात बदलते," ती हळूच म्हणाली.

"थांब," आतून आवाज आला.

आणि मालतीबाई बाहेर आल्या. अंगावर मी. त्यांनी स्वतःच मला नेसलं होतं, पक्का कासोटा घालून, पदर कमरेला खोचून. साठीची बाई, पायात स्लीपर, आणि डोक्यापासून घोट्यापर्यंत खाकी.

"आई, हे काय?" दीपक दात घासता घासता म्हणाला.

"तू दात घास," त्या म्हणाल्या आणि सुनेचा हात धरून गल्लीत उतरल्या. सून डाव्या हाताला, भिंतीच्या बाजूने. त्या स्वतः मधोमध.

नळावरच्या सगळ्या माना वळल्या. कोणाचा तरी हंडा भरून वाहायला लागला. मग सरलाबाईंना हसू फुटलं, आणि त्यांच्यामागून सगळ्यांना.

"मालतीबाई, तुम्ही कधी भरती झाल्या हो?"

"आजच व्हयनू," मालतीबाई चालता चालता म्हणाल्या. "पहिली झडती तुनाच घरनी लेसू. मनी कात्री परत मांगी ऱ्हायनी ना तू, ती दखसू कोनी शे ते."

"अहो, कात्री माझीच आहे."

"ते ठाणामा सांग."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली टोपी कुठेय, एक म्हणाली सलाम करा गं जमादारणीला. दारादारांतून माणसं बाहेर आली. सगळ्या गल्लीने मला डोळे भरून पाहिलं. उभ्या आयुष्यात मला इतकं कोणी पाहिलं नव्हतं. आणि भिंतीच्या कडेने पँट-शर्ट घातलेली एक मुलगी चालत गेली, ती रिक्षात बसून दिसेनाशी झाली तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं, की अरे, पँट तर सुनेने घातली होती.

तोवर हसून झालं होतं. तेच हसणं पुन्हा कुठून आणणार? दोन-चार जणी कुजबुजल्या, नळाचं पाणी गेलं, ज्या त्या आपापल्या घरी गेल्या. मालतीबाई परत येऊन ओट्यावर बसल्या तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या घामाने मी भिजले होते. मला ते कळलं, कारण मी तिथेच होते. बाकी कोणाला त्यांनी कळू दिलं नाही.

या चार-पाच वर्षांत माझा रंग उडाला आहे. मधल्या जोडाला मालतीबाईंनी दोनदा टाके घातले. कुरडया घालायला, गहू वाळवायला, म्हणजे जिथे म्हणून वाकायचं-चढायचं काम असेल तिथे त्या मलाच नेसतात. पल्लवी पथकात आहे. तिने पुढे चोर पकडले असतील, मला ठाऊक नाही. मी आता बाजारात जात नाही. घरी आली की खिसे उपडे करते, आणि त्यातून शिट्टी, पास, रुमाल आणि सासूसाठी आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या निघतात, एवढं मी रोज बघते. जसुबेन अजून साडीत आहे आणि सुखात आहे. तिच्या साडीला माझा नमस्कार सांगा.

तुम्हाला एवढंच सांगायचंय, की कोणी काय नेसावं हे ठरवायची वेळ आली तर त्या कापडाला विचारू नका, गल्लीला तर नकोच. ज्याला ते घालून दिवसभर उभं राहायचंय, पळायचंय, पडायचंय, त्याला विचारा. आणि त्याची सासू मालतीबाईंसारखी असेल, तर कात्री लपवून ठेवा.

बरं, येते मी. गच्चीवरच्या या दोरीचा बराचसा भाग मीच अडवून बसले आहे, आणि खालून पल्लवी धुतलेली पँट घेऊन जिना चढतेय. ऊन तिला जास्त हवं. उद्या सकाळी पल्लवीला ती घालायची आहे. मी जरा सरकून घेते.